मुलं किती हवीत हे सगळेच सांगतात, तिला विचारतो कोण?

१ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरसंघचालक मोहन भागवत यांनी सांगितले की, जन्मदर २.१ च्या खाली गेला तर समाज संपतो, म्हणून दोनपेक्षा जास्त, म्हणजे तीन मुले हवीत. त्याआधी ऑक्टोबरमध्ये आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू लोकांना जास्त मुले जन्माला घालायला सांगत होते. पाठोपाठ नोव्हेंबरमध्ये आंध्रच्या विधानसभेने दोनपेक्षा जास्त अपत्ये असणाऱ्यांवरची स्थानिक निवडणुकीतली बंदी उठवली. आपल्या महाराष्ट्रात मात्र ही बंदी आहे. सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झाले तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. २००५ पासून सरकारी नोकरीलाही लहान कुटुंबाची अट आहे.

नागपूरच्या त्या भाषणावर आपल्या तरुणांनी समाजमाध्यमांवर सडेतोड उत्तरे दिली. "तीन मुलांची फी कोण भरणार?", "आधी नोकऱ्या द्या", "बहुजनांच्या पोरांना पायदळ बनवायचंय का?" हे सारे प्रश्न योग्यच आहेत. आम्हीही ते विचारले. पण शेकडो पोस्ट वाचल्यावर एक गोष्ट खटकली. तीन हवीत म्हणणाराही पुरुष आणि दोन पुरेत म्हणणाराही पुरुष. ज्या बाईला ते मूल पोटात वाढवायचे आहे, तिला ते हवे होते का, हे विचारणारी पोस्ट आम्हाला दिसली नाही. आमच्या स्वतःच्या पोस्टही त्यातच आल्या.

म्हणून हा लेख लग्न झालेल्या बाईच्या नको असलेल्या गरोदरपणाबद्दल आहे.

आधी आपल्या घरातले बोलू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बौद्धांचा एकूण जननदर १.३९ निघाला. देशातल्या सगळ्या धर्मगटांत तो सर्वांत कमी आहे. देशाचा २.० आणि महाराष्ट्राचा १.७. हा आकडा आपण अभिमानाने फिरवतो. बाबासाहेबांनी शिका म्हटले, आपण शिकलो, मुले कमी झाली, असे त्याचे सरळ गणित मांडतो. त्यात बरेच खरे आहे. पण दोनच मुले असलेल्या बाईला ती दोन कधी झाली, कशी झाली, मधल्या काळात काय काय झाले, हे जननदर सांगत नाही. त्यात फक्त जन्माला आलेली मुले मोजली जातात. न आलेली मुले आणि ती येऊ नयेत म्हणून बाईने काय सोसले, याची नोंद कुठेच नसते.

हे आम्हाला कळले ते वर्षावासात. आमच्या वस्तीतल्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. वाचन झाले की पुरुष मंडळी बाहेर चपला घालत राजकारणावर येतात आणि बायका आतच पाच-दहा मिनिटे बसतात. एका संध्याकाळी एक सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची ताई, दोन मुलांची आई, बारावी शिकलेली, शेजारच्या काकूंना हळूच म्हणाली, "काकू, परत पाळी चुकलीय." काकूंनी नेहमीप्रमाणे "अगं वा, गोड बातमी!" म्हटले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. मग बोलणे निघाले. धाकटा ठरवून झालेला नव्हता. त्यानंतर दोनदा नवऱ्याने ओळखीच्या मेडिकलमधून गोळ्या आणून दिल्या होत्या. दुसऱ्या वेळी पंधरा दिवस अंगावरून जात होते, तरी ती कामावर जात राहिली. डॉक्टरकडे गेली नाही, कारण "लग्न झालेलं असून कशाला पाडलं, असं विचारतील." तिचे बोलणे संपल्यावर आणखी तिघींनी आपापले सांगितले. दहा-बारा बायकांच्या त्या बैठकीत चौघी निघाल्या. हा सर्वे नाही. पण त्या दिवसापासून १.३९ हा आकडा आम्हाला पूर्वीसारखा वाचता येत नाही.

यात आपल्या भाषेचाही हात आहे. लग्नाआधी दिवस गेले तर त्याला दहा शब्द आहेत, सगळे बाईला खाली पाडणारे. लग्नानंतर दिवस गेले तर एकच शब्द, 'गोड बातमी'. लग्न झालेल्या बाईला नको असलेले गरोदरपण असू शकते हे मांडायला साधा शब्दच नाही. मंगळसूत्र असो वा नसो, लग्न म्हणजे आई होण्याला दिलेली कायमची संमती, असे गृहीतच धरले आहे. हे गृहीतक मनुस्मृतीतून आलेय म्हणून आपण नाक मुरडू शकतो. पण ती जाळून शंभर वर्षे होत आली तरी ते आपल्या घरात सुखाने नांदते आहे.

आता आकडे. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०१५ साली भारतात सुमारे ४ कोटी ८१ लाख गर्भधारणा झाल्या. त्यातल्या जवळपास निम्म्या न ठरवता झालेल्या होत्या. त्या वर्षी सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यातले ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झाले. भारतात मुले मुख्यतः लग्नातच होतात, त्यामुळे यातल्या बहुतेक बायका लग्न झालेल्या आहेत हे सांगायला तज्ज्ञ नको. जगभरातही स्थिती वेगळी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे दरवर्षी सुमारे १२ कोटी १० लाख, म्हणजे जवळपास निम्म्या गर्भधारणा अनियोजित असतात.

मग हे होते कसे? "गोळ्या आहेत, कंडोम आहेत, टीव्हीवर जाहिराती आहेत, तरी?" असे आमच्या काही शिकलेल्या मित्रांनीच विचारले. त्यांच्या प्रश्नात थोडी तुच्छता होती. म्हणून एकेक कारण नीट पाहू.

एक कारण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये २७ वर्षांची, दोन मुलांची विवाहित आई न्यायालयात आली. दुसऱ्या बाळाला ती अंगावर पाजत होती, पाळी सुरू झालेली नव्हती, त्यामुळे तिसऱ्यांदा दिवस गेले आहेत हे तिला कळलेच नाही. कळले तेव्हा कायद्याची २४ आठवड्यांची मुदत उलटत होती. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिला नैराश्याचा आजार झाला होता. ९ ऑक्टोबरला दोन महिला न्यायमूर्तींच्या पीठाने गर्भपाताला परवानगी दिली. लगेच केंद्र सरकारने तो आदेश मागे घेण्याची मागणी केली. ११ तारखेला त्याच दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाले आणि १६ तारखेला सरन्यायाधीशांच्या तीन सदस्यीय पीठाने परवानगी नाकारली. कायद्यातली मुदत संपली होती आणि आईच्या जिवाला तातडीचा धोका नव्हता. बाळंतपणाचा खर्च सरकार करेल आणि मूल दत्तक द्यायचे की नाही हे आईबापांनी ठरवावे, असे सांगण्यात आले. तेव्हा गरोदरपणाचे २६ आठवडे उलटून गेले होते.

निकालाची चर्चा खूप झाली, पण मुळातली समजूत तशीच राहिली. "अंगावर पाजतेय तोवर दिवस जात नाहीत" हे आपल्या आज्या सांगत आल्या. ते अर्धेच खरे आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतले हवे, त्याला फक्त आईचे दूध हवे (वरचे दूध, पाणी, काही नाही), आणि पाळी परत आलेली नसावी. या तिन्ही अटी एकाच वेळी पाळल्या तरच हा उपाय चालतो. बाळाला वरचे खाणे सुरू झाले किंवा सहा महिने उलटले की भरवसा संपला. शिवाय पहिली पाळी येण्याआधीच बीज सुटते, म्हणून 'पाळी आली की बघू' हा हिशेब चुकतो. बाळंतपणानंतर दवाखान्यातून सुटी देताना हे तीन वाक्यांत सांगता येते. ते सांगितले जाते का, हे आपल्या घरातल्या बाळंतिणीलाच विचारून पाहा.

दुसरी चुकीची समजूत 'सुरक्षित दिवसां'ची. पाळी संपल्यावर लगेचचे दिवस सर्वांत धोक्याचे, आणि दोन पाळ्यांच्या मधले दिवस सुरक्षित, असे मानणाऱ्या अनेक बायका आम्हाला भेटल्या. प्रत्यक्षात ते बरेचसे उलटे आहे. पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी, म्हणजे २८ दिवसांच्या चक्रात मधोमध, बीज सुटते. म्हणजे नवरा-बायको अगदी काळजी घेऊन नेमके चुकीचे दिवस निवडतात. दहावीच्या विज्ञानात हा धडा असतो. तो कसा शिकवला जातो, किंवा 'घरी वाचा' म्हणून कसा सोडला जातो, हे आपल्याला माहीतच आहे.

पण अज्ञान हे सर्वांत मोठे कारण आहे, असे आम्हाला वाटत नाही. अज्ञान म्हटले की दोष परत बाईच्याच पदरात पडतो. खरे दुखणे साधनांच्या वाटणीत आहे. महाराष्ट्रात आज लग्न झालेल्या जवळपास निम्म्या बायकांचे कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झालेले आहे. पुरुष नसबंदीचे प्रमाण अर्धा टक्काही नाही. तांबी, गोळ्या, इंजेक्शन हे सगळे मिळून अगदी थोडे. याचा अर्थ काय? लग्न करायचे, वर्ष-दोन वर्षांत पहिले, लगोलग दुसरे, आणि मग पंचविशी-सव्विशीत ऑपरेशन. सगळी यंत्रणा शेवटच्या पायरीवर उभी आहे. लग्न ते पहिले मूल, आणि पहिले ते दुसरे, या मधल्या वर्षांत बाईच्या हातात जवळपास काही नसते. पहिले मूल होण्याआधी साधन मागणारी सून म्हणजे सासूच्या दृष्टीने संशयित. राज्यात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के अठराच्या आतच लग्न होऊन आलेल्या आहेत. सतराव्या वर्षी सासरी आलेली पोर "इतक्यात नको" हे कोणाला सांगणार?

सरकारी दवाखान्यात साधने नाहीत असे नाही. माला-एन, निरोध, कॉपर-टी आहेतच. दर तीन महिन्यांनी घ्यायचे 'अंतरा' इंजेक्शन आणि संप्रेरके नसलेली 'छाया' गोळी २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात आली. आशाताई घरपोच गोळ्या आणि निरोध देतात. असुरक्षित संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची तातडीची गोळीही त्यांच्याकडे असते. ती जितकी लवकर घ्यावी तितकी बरी. अडते ते पुढे. 'अंतरा' घेतल्यावर पाळी मागेपुढे होते, कधी बंदही होते. हे आधी सांगितले नाही तर बाई घाबरते. "रक्त पोटात साठतंय" असे कोणीतरी सांगते. ती दुसऱ्या इंजेक्शनला जात नाही. चार महिन्यांनी दिवस राहतात आणि मग वस्तीत बातमी पसरते की इंजेक्शन फेल गेले. इंजेक्शन फेल गेलेले नसते, त्या बाईशी दहा मिनिटे बोलणारे कोणी नसते.

ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या मायबहिणींचे तर बोलायलाच नको. बीडकडची जोडपी दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. एकाने खाडा केला तर दोघांची मजुरी बुडते. फडावर उपकेंद्र नाही, ओळखीची आशाताई नाही, संडास नाही. गोळ्यांचे पाकीट संपले की संपले. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींच्या गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. पाळी नको, दिवस जाणे नको, खाडा नको, म्हणून पिशवीच नको. ज्या बाईला एक साधी तांबी वेळेवर आणि नीट समजावून मिळाली नाही, तिला तिशीत आख्खे गर्भाशय काढून मिळते.

आणि नवरा? त्याच सर्वेक्षणात देशातल्या ३५ टक्के पुरुषांनी मान्य केले की, गर्भनिरोधन हे बायकांचे काम आहे, पुरुषाने त्याची काळजी करू नये. सुमारे २० टक्क्यांना वाटते की, साधने वापरणारी बाई वाईट चालीची होऊ शकते. यातले काही पुरुष आपल्या सभांना येत असणार, जोरात "जय भीम" म्हणत असणार. दारू पिऊन आलेल्या नवऱ्यासमोर बाईने निरोध पुढे करावा, ही अपेक्षा आरोग्य खात्याच्या भिंतीवरच्या चित्रातच शोभते. नवऱ्याने बायकोवर केलेली जबरदस्ती आजही कायद्याने बलात्कार नाही. जुन्या दंडसंहितेतला अपवाद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम ठेवला गेला. एवढेच की, २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गर्भपात कायद्यापुरता वैवाहिक बलात्कारही बलात्कारात धरला आणि त्यासाठी पोलिसांत तक्रार केलीच पाहिजे अशी अट नाही, असे सांगितले.

सरकारबद्दल आपल्या लोकांच्या मनात जो संशय आहे, तो मात्र आम्ही अडाणीपणा म्हणून उडवून लावणार नाही. त्यामागे इतिहास आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशभर ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. त्यातल्या सुमारे ६२ लाख पुरुषांच्या होत्या. उचलून नेले ते मुख्यतः गरिबांना आणि दलितांना. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते राहिले. त्यानंतर सरकार सत्तेबाहेर फेकले गेले आणि राज्यकर्ते एक धडा शिकले: पुरुषांना हात लावायचा नाही. सगळा भार बायकांवर गेला. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूर भागात एका डॉक्टरने काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशने केली आणि त्या शिबिरांनंतर १३ जणी गेल्या. त्याही गरीब, दलित, आदिवासी, मागास घरांतल्याच. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करा म्हणून सांगितले. पुरुषांच्या मनातली नसबंदीची भीती पन्नास वर्षे जपली गेली. बायकांच्या ऑपरेशनच्या टेबलाची भीती मात्र कोणी भीती मानलीच नाही.

या प्रश्नावर आपल्या चळवळीकडे सांगण्यासारखे काही नाही, असा कोणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. उलट आपल्याकडे जेवढे आहे तेवढे क्वचितच कोणाकडे असेल. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले तेव्हा त्यांची टवाळी झाली, नोकरी गेली. १९३४ साली त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा वकील म्हणून उभे राहिले ते डॉ. आंबेडकर. खटला हरले, पण उभे राहिले. त्याआधी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाच्या बाजूने ते बोलले होते. आणि १० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार प्रभाकर जनार्दन रोहम यांनी मुंबई विधानसभेत ठराव मांडला: सरकारने संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि लोकांना त्याची पुरेशी साधने उपलब्ध करून द्यावीत. बाबासाहेब त्या दिवशी हजर राहू शकले नाहीत, त्यांचे भाषण रोहम यांनी सभागृहापुढे ठेवले. त्यातला एक मुद्दा आजही पुरुषांना टोचतो. बाळंतपणाच्या वेदना पुरुषाच्या वाट्याला आल्या असत्या तर त्याने आयुष्यात एकापेक्षा जास्त मुलाला होकार दिला नसता, अशा आशयाचे ते विधान आहे. म्हणजे प्रश्न नुसत्या लोकसंख्येचा किंवा गरिबीचा नव्हता. बाईला मूल नको असेल, कोणत्याही कारणाने नको असेल, तर तिला ते टाळता आले पाहिजे, हा होता. ठराव मोठ्या फरकाने पडला.

आपण चवदार तळे सांगतो, हिंदू कोड बिल सांगतो, आणि सांगायलाच हवे. पण जयंतीच्या किती व्याख्यानांत आपण १९३८ चा हा ठराव ऐकला? आमच्या वीसेक वर्षांच्या फिरण्यात, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. १९४२ मध्ये नागपूरच्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी हजारो बायकांसमोर लग्नाची घाई नको, फार मुले नकोत, आणि लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची दासी नव्हे तर मैत्रीण म्हणून बरोबरीने उभे राहावे, असे सांगितले होते. ज्या नागपुरात हे सांगितले गेले, त्याच नागपुरातून आज तीन मुलांचा सल्ला येतो, एवढे तरी आपल्या तरुणांनी त्या दिवशी लिहायला हवे होते.

एक प्रश्न आम्हाला विहारात हमखास विचारला जातो. तरुण कार्यकर्ते खासगीत विचारतात, उपासिका थेट विचारतात. "पहिलं शील प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचं आहे. मग गर्भपात?" आम्ही भिक्खू नाही, निवाडा देण्याचा अधिकार सांगत नाही. आम्हाला जे कळते ते असे. मूल राहूच नये म्हणून काळजी घेण्यात शीलभंगाचा प्रश्नच येत नाही. म्हणून ज्याला गर्भपात नको वाटतो, त्याने तर गर्भनिरोधनाचा प्रचार दुप्पट जोराने करायला हवा. आणि राहिलेल्या गर्भाबद्दल बोलताना, बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये अहिंसेकडे कसे पाहिले ते विसरू नये. ती आंधळेपणाने पाळायचा नियम नसून विवेकाने वापरायचे तत्त्व आहे, आणि मारण्याची इच्छा व मारण्याची गरज यांत फरक आहे, असे त्यांनी मांडले. त्या बाईची स्थिती, तिचे दुःख बाजूला ठेवून तिला शील शिकवणारा माणूस शील पाळतो आहे असे आम्हाला वाटत नाही. शिवाय सिगालोवाद सुत्तात नवऱ्याची बायकोप्रती पाच कर्तव्ये सांगितली आहेत. सन्मान करणे, अवमान न करणे, एकनिष्ठ राहणे आणि घरात तिला अधिकार देणे ही त्यातली चार. पाचवे दागिने देणे. आपण पाचवे तेवढे लग्नात लक्षात ठेवतो.

कायदा काय म्हणतो हे आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ हवे, कारण दवाखान्याच्या खिडकीशी तेच उपयोगी पडते. बाई सज्ञान असेल तर गर्भपातासाठी फक्त तिची संमती लागते. नवऱ्याची सही लागत नाही. सासूची तर नाहीच. तरीही सही मागितली जाते. "मिस्टरांना घेऊन या" हे वाक्य इतके सवयीचे झाले आहे की तोच कायदा वाटतो. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनलाही जोडीदाराची संमती बंधनकारक नाही. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते, आणि साधन निकामी ठरले हे कारण कायद्यात मान्य आहे. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचे मत लागते आणि ते ठरावीक स्थितीतल्या स्त्रियांसाठीच आहे. बलात्कार, अल्पवय, गरोदर असताना वैधव्य किंवा घटस्फोट, अपंगत्व, गर्भात व्यंग अशा त्या स्थिती. संसार चालू आहे, पण उशिरा कळले, अशा बाईला त्यात जागा मिळणे अवघड. म्हणून लवकर तपासणे हाच मार्ग. पाळी एक आठवडा चुकली की चाचणी, मग अंगावर पाजत असो वा नसो. बाईचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे.

गोळ्यांबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. गर्भपाताच्या गोळ्या डॉक्टरच्या देखरेखीखाली नऊ आठवड्यांपर्यंत घेता येतात आणि तशा घेतल्या तर त्या सुरक्षित आहेत. लिंगनिदानविरोधी कारवाईच्या धास्तीने आपल्या राज्यातले अनेक औषध दुकानदार त्या उघडपणे ठेवतच नाहीत. मग त्या ओळखीने, बिलाशिवाय, कशा घ्यायच्या ते न सांगता नवऱ्याच्या खिशातून घरी येतात. गर्भलिंग तपासणे गुन्हा आहे, तो गुन्हाच राहिला पाहिजे. पण कायदेशीर गर्भपात हा गुन्हा नाही, हे दोन्ही एकत्र कालवू नये. आणि ज्यांनी गोळ्या घेतल्याच आहेत त्यांच्यासाठी: सलग दोन तास, दर तासाला दोन पॅड पूर्ण भिजत असतील, ताप उतरत नसेल, पोटात एका बाजूला असह्य दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर रात्र आहे, लोक काय म्हणतील, असे न म्हणता सरळ सरकारी दवाखाना गाठावा. उपचार नाकारता येत नाहीत.

दोन अपत्यांच्या अटीकडेही याच नजरेने पाहायला हवे. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हरियाणाच्या प्रकरणात ही अट वैध ठरवली, त्यामुळे ती घटनाबाह्य म्हणण्यात अर्थ नाही. पण विचार करा. राखीव जागेवर निवडून आलेली आपली एखादी बौद्ध महिला सरपंच आहे. तिसऱ्यांदा दिवस राहिले. निर्णय तिचा नव्हता, साधन तिच्या हातात नव्हते. आता तिच्यापुढे दोन वाटा उरतात: पद सोडायचे, नाहीतर चोरून गोळ्या घ्यायच्या. विरोधी गट तक्रार घेऊन तयारच असतो. जो निर्णय बाईला घेऊच दिला नाही, त्याचा हिशेब मात्र तिच्याकडून घेतला जातो. तीन मुलांचा आग्रह धरणारे उद्या सत्तेच्या जोरावर ही अट उठवतीलही. आम्हालाही ती उठलेली हवी, पण त्यांच्या कारणासाठी नव्हे.

त्या वर्षावासातल्या संध्याकाळनंतर आम्ही फार मोठे काही केले नाही. त्या ताईबरोबर दोघी जणी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेल्या. सही मागितली गेली. दोघींनी मोबाईलवर कायद्याचे कलम उघडून दाखवले. थोडी बाचाबाची झाली, काम झाले. महिन्याभराने उपकेंद्राच्या सिस्टरना विहारात बोलावले. या वेळी ठरवून पुरुषांना बाहेर जाऊ दिले नाही. काही जण तोंड वाकडे करून मागे भिंतीला टेकून बसले, दोघे-तिघे फोनचे निमित्त काढून गेले ते गेलेच. सिस्टरनी तांबी हातात घेऊन दाखवली, 'अंतरा'च्या तारखांचे कार्ड दाखवले. शेवटी पुरुष नसबंदीवर आल्या. बिनटाक्याची असते, पंधरा-वीस मिनिटे लागतात, बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी, ताकद कमी होत नाही.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागून एकाने, चेहरा खाली घालून विचारले, "सिस्टर, त्यानंतर लगेच चालतं का?"

"नाही दादा," सिस्टर म्हणाल्या, "तीन महिने निरोध वापरायचा, मग तपासणी करून घ्यायची. तोवर धोका असतोच."

पुढच्या रांगेतल्या बायका मागे वळून बघायला लागल्या. प्रश्न विचारणारा त्या ताईचा नवरा होता.